अति तेथें माती

संदेश नीट पोंचत नसला कीं जोर वाढवावा, असें कोणासही वाटतें. हा समज किती महाग पडतो, तें १८५८ सालीं दिसलें. त्या ऑगस्टांत आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार अटलांटिकच्या तळाशीं पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास १६ तास लागले. विद्युत्-तज्ज्ञ व्हाइटहाउस यांचा भरंवसा जबर दाबावर होता. सुमारें २,००० व्होल्टांखालीं, आधींच सदोष असलेलें गटापर्चाचें वेष्टन निकामी झालें आणि सप्टेंबरांत तार मुकी झाली. विल्यम टॉमसन यांनीं प्रवाह दुर्बलच ठेविला. इवल्या आरशावरून हालणारा प्रकाशबिंदु पाहून ते तो वाचीत. १८६६ सालच्या तारेनें त्यांचाच मार्ग खरा ठरविला.

आज संदेश कांचेच्या तंतूंतून प्रकाशानें जातात. तेथेंही प्रकाश मर्यादेबाहेर गेला, तर घेणारें यंत्र दिपून अक्षरें चुकवितें, प्रसंगीं बिघडतेंही. म्हणून जाणता तंत्रज्ञ प्रथम यंत्राशीं पोंचणारा प्रकाश मोजतो व जरूर तर अटेन्युएटर बसवितो. १० डेसिबलचा अटेन्युएटर प्रकाशाचा दहावा हिस्साच पुढें जाऊं देतो.

घेणाऱ्याची शक्ति आधीं पाहावी, हा धडा टॉमसनच्या पिढीस एक अख्खी तार गमावून मिळाला. आपणांस तो फुकट मिळाला आहे. तो विसरूं नये.