डॉनकॅस्टरच्या मैदानावरचा ‘सयाजीराव’

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातील डॉनकॅस्टर येथे दर सप्टेंबरात सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत होते. तिच्या विजेत्यांच्या यादीत १९४७ सालापुढे नाव आहे ‘सयाजीराव’. हा एक घोडा. बडोद्याच्या तिसऱ्या सयाजीरावांचे नाव तिथवर कसे पोहोचले आणि त्यासाठी पैसा कोणाचा लागला, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

शर्यत जुनी आहे. लष्करी अधिकारी अँथनी सेंट लेजर यांच्या कल्पनेतून ती १७७६ मध्ये सुरू झाली. म्हणजे प्रसिद्ध डर्बीपेक्षा चार वर्षांनी थोरली. पहिल्या वर्षी रॉकिंगहॅमचे मार्क्विस, इंग्लंडचे माजी पंतप्रधान, यांची घोडी जिंकली. शर्यतीला सेंट लेजर यांचे नाव १७७८ मध्ये मिळाले. ती फक्त तीन वर्षांच्या थरोब्रेड घोड्याघोडींसाठी असते. सुरुवातीचे दोन मैलांचे अंतर पुढे सुमारे पावणेदोन मैलांवर आले. नुसता वेग इथे पुरत नाही, दमसास लागतो.

‘सयाजीराव’चा सख्खा भाऊ दांते याने १९४५ ची डर्बी जिंकली होती. त्यामुळे त्याच वर्षी या शिंगराला लिलावात २८,००० गिनी किंमत आली. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि रुपया म्हणजे दीड शिलिंग, असा हिशेब केला तर रक्कम होते ३ लाख ९२ हजार रुपये. घेणारे होते सयाजीरावांचे नातू, महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. आजोबांचे नाव त्यांनीच घोड्याला दिले.

१९४७ च्या डर्बीत हा घोडा तिसरा आला. सप्टेंबरात, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने त्याला सेंट लेजरमध्ये अवघ्या डोक्याच्या अंतराने जिंकून दिले.

आजोबांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. खजिना तोच, वारस मात्र वेगळा. हौस राजाची की खर्च रयतेचा, हा प्रश्न लवकरच उघडपणे विचारला गेला. प्रतापसिंहरावांनी खजिन्यातून काढलेल्या मोठ्या रकमांचा हिशेब प्रजेच्या पुढाऱ्यांनी मागितला. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने महाराजांची मान्यता काढून घेतली.

नातवाने घोड्याला हे नाव प्रेमाने दिले असेल, यात मला शंका वाटत नाही. पण शर्यतींचा इतिहास रक्तवंश आणि वेळा यांपुरताच लिहिला, तर घोड्याची किंमत कुठून आली हे त्यात येतच नाही. मराठी वाचकाने तरी ते विचारावे, कारण यादीतले ते नाव आपले आहे.