बेने इझ्राएलांचे परदेशगमन

महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण, रोहे, अलिबाग, रेवदंडा, पनवेल इ. गावांतील मराठी भाषिक ज्यू समाजाचे मुंबईमार्गे झालेले स्थलांतर. परदेशात गेलेल्या कामगाराचे स्थान त्याच्या कौशल्यावर ठरते की प्रवेशाच्या हक्कावर, या प्रश्नाच्या दृष्टीने हे स्थलांतर अभ्यसनीय आहे.

नवगाव (अलिबागनजीक) येथे गलबत फुटून वाचलेली सात दांपत्ये ही या समाजाची मूळ पिढी होय, अशी परंपरा आहे. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी काम बंद ठेवीत असल्याने त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. गावाच्या नावास ‘कर’ प्रत्यय लावून त्यांची आडनावे बनली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची काही उदाहरणे. पनवेल (१८४९) व पेण (१८६३) येथील सिनेगॉग या वस्तीची साक्ष देतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून या कुटुंबांचा ओघ मुंबईकडे वळला. तेथे त्यांनी सुतारकाम, गवंडीकाम, गोदीतील कामे व लष्करी सेवा पतकरली. सॅम्युएल ईझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. इंग्रजी शिक्षणामुळे पुढील पिढ्यांना रेल्वे, टपाल व इतर सरकारी खात्यांत प्रवेश मिळाला. नोकरीच्या निमित्ताने काही कुटुंबे एडन व कराची येथे स्थायिक झाली. कराचीचे सिनेगॉग (१८९३) सॉलोमन डेव्हिड उमेर्डेकर यांनी बांधविले. एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या प्रशासनाखाली असल्याने हा प्रवास एका अर्थी स्वराज्यसीमेबाहेरचा नव्हता. तेथे जाणाऱ्यास विचारले जाई ते त्याचे काम.

इझ्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) परिस्थिती पालटली. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने ज्यू व्यक्तीस तेथे वसण्याचा हक्क दिला व ज्युइश एजन्सीने प्रवासाची व्यवस्था केली. येथे कौशल्याची कसोटी नव्हती. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इ. ठिकाणी वसलेल्यांपैकी पुष्कळांना मुंबईतील कारकुनी वा तांत्रिक अनुभवास साजेसे काम न मिळता कारखान्यात वा बांधकामावर राबावे लागले. भेदभावाच्या तक्रारीमुळे १९५१–५२ मध्ये काहींनी धरणे धरले व काही कुटुंबे भारतात परतली. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इझ्राएलला गेली.

१९६१–६२ मध्ये प्रमुख रब्बींनी बेने इझ्राएलांच्या विवाहांस त्यांच्या वंशपरंपरेच्या चौकशीची अट घातली. हक्काने आलेल्यांचा हक्कच त्यामुळे संशयास्पद ठरला. दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये नेसेट या इझ्राएलच्या संसदेने हा समाज सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचा ठराव केला व निर्देश सुधारण्यात आला. भारतातील ज्यूंची संख्या १९६१ मधील सु. १८,५०० वरून १९७१ मध्ये सु. ५,८०० वर आली. इझ्राएलमध्ये या समाजाने मराठी भाषा जतन केली असून मायबोली हे नियतकालिक त्याचे उदाहरण होय.

नंतरच्या काळातील भारतीय कामगारांचे मार्ग याहून भिन्न आहेत. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने १९२२ च्या अधिनियमाची जागा घेतली आणि परदेशी नोकरभरती करणाऱ्यांस नोंदणी सक्तीची केली. २०२३ मध्ये भारत व इझ्राएल यांच्यात कामगारांच्या तात्पुरत्या रोजगाराचा करार झाला. त्यानुसार सळया वाकविणे, साचेबंदीचे सुतारकाम, गिलावा, फरशी बसविणे या कौशल्यांची चाचणी भारतातच घेण्यात आली. बेने इझ्राएलांना नागरिकत्व मिळाले, पण कौशल्याची कदर सर्वत्र झाली नाही. नव्या कामगारांचे कौशल्य पारखले जाते, पण वास्तव्य मुदतीचेच राहते. कौशल्य व हक्क यांची सांगड दोन्ही मार्गांत अपुरीच राहिली आहे.