१९३९ : महायुद्धाच्या उंबरठ्यावरचे क्रीडावर्ष

जर्मन सैन्याने १ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे पोलंडवर आक्रमण केले. त्याच दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह येथे यॉर्कशायरचे डावखुरे फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी यांनी अवघ्या ९ धावांत ससेक्सचे ७ गडी बाद केले. ससेक्सचा डाव ३३ धावांत आटोपला. व्हेरिटी यांचा हा अखेरचा प्रथम श्रेणी सामना ठरला. सिसिलीतील लढाईत जखमी झाल्यानंतर ३१ जुलै १९४३ रोजी इटलीतील कॅसेर्टा येथे युद्धकैदी असताना त्यांचा मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या त्या वर्षातील क्रीडाविषयक नोंदींमधून एक बाब ठळकपणे समोर येते. जवळपास प्रत्येक स्पर्धा पुढील वर्षी पुन्हा होणार, असे गृहीत धरूनच पार पडली. त्या गृहीतकाची किंमत प्रामुख्याने खेळाडूंनी मोजली.

भविष्याचे नियोजन

१९४० च्या ऑलिम्पिकचे यजमानपद सोडण्याचा निर्णय जपानने जुलै १९३८ मध्येच घेतला होता. त्यानंतर ही स्पर्धा फिनलंडच्या हेलसिंकीकडे गेली. जून १९३९ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात १९४० चे हिवाळी ऑलिम्पिक जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे, तर १९४४ चे उन्हाळी ऑलिम्पिक लंडन येथे घेण्याचे ठरले. त्यापूर्वी तीन महिने जर्मनीने प्राग ताब्यात घेतले होते. प्रत्यक्षात यांपैकी एकही स्पर्धा झाली नाही.

मार्चमध्ये दरबान येथे दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात कालमर्यादा नसलेली कसोटी खेळली गेली. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत लांबला. विजयासाठी ६९६ धावांची गरज असताना इंग्लंडने ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली. मात्र मायदेशी परतण्याचे जहाज गाठण्यासाठी सामना अनिर्णित सोडावा लागला. दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. या कसोटीत खेळलेले व्हेरिटी, केन फार्न्स आणि दक्षिण आफ्रिकेचे चड लँग्टन हे तिघेही युद्धकाळात सेवेत असताना मृत्युमुखी पडले.

अखेरचे काही आठवडे

जुलैमध्ये झालेल्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत जर्मनी आणि इटलीचे संघ उतरले नाहीत. बेल्जियमचे सिल्व्हेर मास विजेते ठरले. १५ जुलै रोजी मिलान येथे जर्मनीचे रुडॉल्फ हारबिग यांनी ८०० मीटर धावण्याच्या शर्यतीत १ मिनिट ४६.६ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला. तो १९५५ पर्यंत अबाधित राहिला. हारबिग मात्र मार्च १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर मारले गेले.

इंग्लंडच्या दौऱ्यावर असलेल्या वेस्ट इंडिजच्या जॉर्ज हेडली यांनी लॉर्ड्स कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. ऑगस्टमधील ओव्हल कसोटीनंतर परिस्थिती चिघळल्याने उर्वरित सामने रद्द करून संघ मायदेशी रवाना झाला. त्या वेळी तिशीत असलेल्या हेडली यांना पुढील कसोटीसाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले.

२७ ऑगस्ट रोजी वॉर्सा येथे पोलंडने फुटबॉल सामन्यात हंगेरीला ४-२ असे नमवले. पाचव्या दिवशी पोलंडवर हल्ला झाला. ३ सप्टेंबर रोजी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, त्याच दिवशी बेलग्रेड येथील मोटार शर्यत इटलीचे ताझिओ नुव्होलारी यांनी जर्मन बनावटीच्या ऑटो युनियन मोटारीतून जिंकली.

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे त्या वेळी बुद्धिबळ ऑलिम्पियाड सुरू होते. जर्मनी आणि पोलंड यांची लढत न खेळताच २-२ अशी बरोबरीत घोषित करण्यात आली. अंतिमतः जर्मनी प्रथम आणि पोलंड द्वितीय स्थानी राहिला. पोलंडचे मिगेल नायडॉर्फ यांच्यासह अनेक खेळाडू मायदेशी न परतता अर्जेंटिनातच राहिले. नायडॉर्फ यांचे कुटुंब पुढे नाझींच्या वंशसंहारात बळी पडले.

भारतातील स्थिती

टेनिसपटू गौस मोहम्मद यांनी १९३९ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश केला. ही कामगिरी करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांना पराभूत करणारे अमेरिकेचे बॉबी रिग्ज यांनी पुढे एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे पटकावली. त्यानंतर विम्बल्डन स्पर्धा थेट १९४६ मध्ये झाली.

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांशी सल्लामसलत न करता ३ सप्टेंबर रोजी भारत युद्धात सहभागी असल्याचे जाहीर केले. इंग्लंडच्या संघाचा १९३९-४० चा नियोजित भारत दौरा रद्द झाला. देशांतर्गत क्रिकेट मात्र सुरू राहिले. त्याच हंगामात प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला. पुणे येथे बडोद्याविरुद्ध विजय हजारे यांनी केलेल्या नाबाद ३१६ धावा हे या स्पर्धेतील पहिले त्रिशतक होते.

ऐन भरात असलेल्या हजारे यांना कसोटी पदार्पणासाठी जून १९४६ पर्यंत वाट पाहावी लागली. लॉर्ड्सवर तो सामना खेळताना त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. १९३६ नंतर भारताची ती पहिलीच कसोटी होती. १९२८, १९३२ आणि १९३६ असे सलग तीन वेळा सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघालाही पुढील ऑलिम्पिकसाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. तोपर्यंत ध्यानचंद यांचा ऑलिम्पिकमधील काळ संपला होता.

पोर्ट्समथ क्लबने एप्रिल १९३९ मध्ये जिंकलेला इंग्लंडचा एफए चषक पुढील अंतिम सामना होईपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, त्याच क्लबकडे राहिला. विजेत्यांच्या यादीत या दोन वर्षांच्या दरम्यान एकही नाव नाही.