मधुमेही नेत्रतपासणी, दूरवैद्यकाद्वारे

मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे, छायाचित्र जवळच्या दवाखान्यातच काढून ते दूरच्या नेत्रतज्ज्ञाने अथवा संगणकप्रणालीने वाचण्याची पद्धत. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्या फुटतातही. नजर मात्र बराच काळ साफ राहते. त्यामुळे ‘मला चांगलं दिसतंय की’ म्हणणाऱ्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवावे लागते. स्मार्ट-इंडिया पाहणीत (२०२२) चाळिशीपुढच्या मधुमेहींत हा विकार १२.५ टक्के आढळला.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला मुंबईचा. डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत संस्थेने धारावीत आधीपासून काम केले होते. याच संस्थेच्या पाहणीत २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत बंगळूरच्या रेमिडिओ कंपनीचा, मोबाइलवर बसवलेला कॅमेरा वापरण्यात आला. छायाचित्रे काढणारी व्यक्ती नेत्रतज्ज्ञ नव्हती, आणि ‘मेडिओस’ ही संगणकप्रणाली इंटरनेटशिवाय जागीच निकाल देत होती. २५५ मधुमेहींपैकी २३१ तयार झाले. नकाराचे मुख्य कारण म्हणजे थांबण्याची आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर येणारी धूसरता सोसण्याची तयारी नसणे. १८ जणांची छायाचित्रे वाचता आली नाहीत. उरलेल्या २१३ जणांत, पुढे पाठवण्याजोगा विकार असलेला एकही रुग्ण प्रणालीने सोडला नाही. तसा विकार नसलेल्यांपैकी ८८.४ टक्के जणांना तो नसल्याचे बरोबर सांगितले. एकही रुग्ण न सुटल्याचा शंभर टक्क्यांचा आकडा डोळ्यांत भरतो. प्रत्यक्षात असे रुग्ण थोडेच असल्याने त्याची सांख्यिकीय खालची मर्यादा ७८.२ टक्के आहे. शिवाय कोणताही, अगदी सौम्य विकार ओळखण्याचे प्रमाण ८५.२ टक्केच होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्यासारख्या तालुक्यात इंटरनेटशिवाय चालणारी प्रणाली अधिक सोयीची. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर गडहिंग्लजमार्गे सुमारे ८५ किमी. तिथे जाऊन थेंब घातले की काही तास धूसर दिसते; मोटारसायकल चालवता येत नाही, सोबतीला घरचे कोणीतरी लागते आणि त्याचीही दिवसाची मजुरी बुडते. नुसत्या छायाचित्रासाठी ही फेरी टळते, हाच या पद्धतीचा खरा लाभ. ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, परंतु साध्या व्हिडिओ कॉलवर पडदा दिसत नाही. त्यासाठी वेगळा कॅमेरा हवाच.

मर्यादा दोन. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे छायाचित्र अंधुक येते, आणि वयस्क रुग्णांत मोतीबिंदू सर्रास असतो. अशांना शेवटी नेत्रतज्ज्ञाकडे जावेच लागते. दुसरी अधिक अवघड : निदानानंतर लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन घ्यायला माणसाला स्वतःच जावे लागते. इंजेक्शने सुरुवातीला बहुधा दर महिन्याला लागतात.

नियमन : केंद्राची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे, २५ मार्च २०२०.