बंदुकीचा परवाना आणि परदेशचा प्रवास

वर्धा जिल्हा म्हटला की चरखा डोळ्यांपुढे येतो. सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीचा इतिहास सांगायचा, हे कुणास विचित्र वाटेल. पण बंदुकीच्या परवान्याचा प्रश्न खुद्द गांधीजींनी एकदा मोठ्या कडक शब्दांत मांडला होता. 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी त्यांनी पत्रक काढले. साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची गणना त्यांनी त्यात इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली. अहिंसेचा उपासक असे का म्हणाला? माणूस आपण होऊन शस्त्र खाली ठेवतो, तो त्याचा निश्चय असतो. दुसऱ्याने ते हिसकावून घेतले तर तो अपमान होतो. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढची हकीकत नीट उमगेल.

तो कायदा 1878 चा. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होता, आणि 1857 च्या उठावाला उणीपुरी एकवीस वर्षे झाली होती. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. मात्र युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. याचा अर्थ काय, ते बघा. विलायतेहून बोटीने आलेला साहेब आपली रायफल घेऊन मध्यप्रांताच्या जंगलात शिकारीला जाई. त्याच जंगलाच्या कडेला आपला शेतकरी रात्रभर जागल करी. रोही नि रानडुकरे पिकात शिरत, तेव्हा त्याच्या हाती गोफण, नाही तर वाजवायला रिकामा डबा. ठासणीची बंदूक हवी असली तर परवान्यासाठी सरकारदरबारी खेटे घालायचे. एकाची बंदूक हौसेची, दुसऱ्याची पोटासाठी. आणि सूट मिळाली ती हौसेला!

ही गोष्ट लोकांच्या मनात सलत राहिली. 1931 च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या हक्कांचा ठराव केला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यात घातलेला होता. पुढे 1950 साली राज्यघटना अमलात आली, तेव्हा मूलभूत हक्कांत त्याला जागा मिळाली नाही. नवा शस्त्र कायदा 1959 साली झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला.

या कायद्याची दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. कलम 13 शेतकऱ्याच्या कामाचे आहे. पीकरक्षणासाठी खरोखरीच ठासणीची बंदूक हवी असेल, तर नाकारण्यास कायद्यातले कारण नसल्यास परवाना द्यावा, असे ते सांगते. कलम 10 प्रवाशाचे. समुद्रमार्गे, जमिनीवरून वा विमानाने शस्त्र देशात आणणे किंवा बाहेर नेणे परवान्यावाचून चालणार नाही, हा त्यातला मूळ नियम. त्याला दोन अपवाद. ज्याच्यापाशी भारतातला रीतसर परवाना आहे, त्याला स्वतःच्या वापरापुरते शस्त्र नेता-आणता येते. आणि सरकारने जाहीर केलेल्या देशांतला खरा प्रवासी केवळ खेळासाठी, म्हणजे तेव्हा मुख्यतः शिकारीसाठी, बंदूक बरोबर आणू शकतो.

आता कायद्याने परदेशी पाहुण्याची एवढी काळजी का वाहिली? उत्तर आपल्या शेजारीच, नागपूरला आहे. 1949 सालापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारी शहरांची टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊ लागली. टपाल नि उतारू तेथे विमाने बदलत. 1956 पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता. त्या दशकात नागपुरात ॲल्विन कूपर ही शिकारीच्या सहली घडवणारी कंपनी उभी राहिली. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल तिचे चालक होते. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात नेणे, हा तिचा व्यवसाय. शिकार हा परकीय चलन मिळवून देणारा धंदा झाला होता.

पण जंगल काही अक्षय्य नव्हते. वाघांची संख्या झपाट्याने उतरली आणि 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात, हिंगणीच्या बाजूला, बोर अभयारण्य जाहीर झाले. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. अभयारण्यात नि त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेदाराने आपल्या शस्त्राची नोंद वनखात्याकडे करावी, असे त्यात सांगितले आहे. 2014 साली बोर हा व्याघ्र प्रकल्प झाला. शिकारीच्या बंदुकीसाठी उघडलेले दार असे बंद होत गेले.

मग कलम 10 निकामी झाले काय? मुळीच नाही. बंदुका आता उलट दिशेने, आपल्याकडून परदेशी जातात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खेड्यातला मुलगा, आणि खेळ रायफलीचा!

असा खेळाडू विमानाने जातो तेव्हा रायफल उतारूंच्या डब्यात नेता येत नाही. ती रिकामी करून, कुलूपबंद मजबूत पेटीत घालून, विमान कंपनीला आधी कळवून सामानाच्या कप्प्यात द्यावी लागते. काडतुसे निराळी बांधायची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका प्रवाशाला बांधणीसह पाच किलोपर्यंतच. शिवाय जेथे जायचे त्या देशाची परवानगी हवी, आणि वाटेत विमान बदलायचे असेल तर तेथलेही नियम पाहावे लागतात. आपला परवाना आपल्या सरहद्दीपर्यंतच चालतो. घरात परवान्याची बंदूक असेल त्यांनी आणखी एक ध्यानी धरावे. शेतावर नेलेली पिशवी विमानप्रवासाला घेऊ नका. तळाशी विसरलेले एक काडतूसदेखील तपासणीत निघाले, तर पोलिसांपुढे उभे राहावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात ही हकीकत सांगताना शेवटी शेतकऱ्यापाशी यावे. साहेबाची सूट गेली, परदेशी शिकारी गेला, वाघाला आसरा मिळाला, खेळाडूला वाट मिळाली. रोही नि रानडुक्कर मात्र अजून पिकात शिरतातच. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्याची परवानगी 1972 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अधिकारी देऊ शकतो. पण ती लेखी हवी, आणि अर्ज करावा लागतो. हा अर्ज कसा लिहावा, तो कोठे द्यावा, एवढे जरी गावच्या शाळेने मुलांना शिकवले, तरी जागल करणाऱ्या बापाच्या हाती रिकाम्या डब्याखेरीज आणखी काही येईल.