वळण, ताट आणि उष्टे : बोर्ली पंचतन परिसरातील बालशिष्टाचार

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे गाव १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात मोडत होते. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, शेजारच्या दिवेआगरातील ब्राह्मणांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, किनाऱ्यावरील कोळी आणि डोंगरउतारावरील कुणबी असे अनेक समाज या टापूत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारी राहत आले. बोली मराठीच्याच कुळातली. मुलांना लावावयाचे ‘वळण’ मात्र घरोघरी वेगळे. (अक्षराला आणि मुलाला मराठीने एकच शब्द योजावा, हे अर्थपूर्ण आहे.)

वडीलधाऱ्यांना भेटण्याच्या रीतीतील भेद वरवर पाहणाऱ्यासही दिसतो. हिंदू घरातील मूल पाया पडते. मुसलमान घरातील मूल सलाम करते, कारण मस्तक टेकविणे ईश्वराशिवाय अन्यत्र त्यास वर्ज्य आहे. याच जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजात हातास हात लावून बोटांच्या टोकांचे चुंबन घेण्याची चाल होती. यांपैकी एकच रीत ठाऊक असणाऱ्याला इतर दोन्ही घरांतील मुले उद्धट वाटावीत, हे स्वाभाविक होय.

खरा विचारणीय प्रश्न ताटाचा आहे. मुसलमान कुटुंबात एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवणे हे जिव्हाळ्याचे लक्षण. त्या थाळ्याचेही कडक नियम आहेत. पैगंबरांनी आपल्या घरी वाढणाऱ्या उमर इब्न अबी सलमा या मुलास तीन गोष्टी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे : ईश्वराचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे आणि आपल्या पुढ्यातलेच घ्यावे. याउलट ब्राह्मण घरात लहानपणापासून शिकविला जाणारा पहिला विवेक म्हणजे उष्ट्याचा. मुंज झालेल्या मुलाने पानाभोवती पाणी फिरवावे, चित्राहुती घालाव्यात, दुसऱ्याच्या पानाला हात लावू नये. एकच कृती एका घरात आपुलकी ठरते, तर शेजारच्या घरात विटाळ. उजव्या हाताचा दंडक तेवढा दोहोंकडे समान आहे.

युरोपचा इतिहास येथे उपयोगी पडतो. इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांच्या सभ्यतेवर लॅटिन पुस्तिका लिहिली. तीतही सामाईक पात्रातून निवडून घेऊ नये, समोर येईल ते घ्यावे, असा उपदेश आहे. पुढे तेथे प्रत्येकाचे ताट वेगळे झाले, काटा रूढ झाला. या बदलाचे मूळ आरोग्याच्या ज्ञानात नसून दरबारी समाजात वाढलेल्या लज्जेत व किळशीत होते, असे नोर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखविले. म्हणजे वेगळे ताट युरोपात आले ते एका कारणाने. कोकणातील ब्राह्मण घरात ते होते ते सोवळ्यापायी. परिणाम सारखा म्हणून कारणही सारखे मानणे ही अभ्यासकाची चूक ठरेल. तथापि ती वारंवार होते.

छापील पुस्तकांनी हा गुंता वाढविला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाले. त्याचे मूळ बेर्काँ या फ्रेंच लेखकाच्या १७८२-८३ मधील मुलांच्या मासिकात, आणि ते मराठीत आले इंग्रजीमार्गे. फ्रेंच मध्यमवर्गीय घरातील सद्वर्तन अशा रीतीने मराठी मुलापुढे आदर्श म्हणून ठेवले गेले. त्या फ्रेंच समाजातील उच्च कुळांत मुले आईबापांना आदरार्थी संबोधीत. मराठी घरात वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ असा दुहेरी व्यवहार दीर्घकाळ चालला. आईला एकेरी हाक मारण्यात अनादर आहे असे कोणासही वाटले नाही. वडिलांच्या बाबतीत मात्र तोच एकेरीपणा कित्येक घरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांतच रुळला. भाषांतरकाराला हा पेच कसा सोडवावा लागला असेल, हे स्वतंत्र संशोधनास योग्य आहे.

१९९५ पासून शाळांतून मध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली. पुढे शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागल्यापासून मराठी व उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळांत मुले एका पंक्तीस, आपापले ताट घेऊन बसतात. त्या वेगळ्या ताटामागे सोवळे नाही आणि युरोपीय दरबारही नाही. खिचडी मोजून वाढता यावी, एवढीच तेथील सोय आहे.