जन्म, कर्म आणि हजेरीपट

लहानपणी गोंदियात कोणी फसवले की आम्ही त्याला बिनदिक्कत 'भामटा' म्हणत असू. हे एका जातीचे नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ (१९१६) चाळताना. गोंदिया तेव्हा त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते. ग्रंथात या जातीची ओळख आधी चोर म्हणून येते. ताग पिकवणे, गोणपाट विणणे हे मागाहून.

ही दृष्टी ग्रंथकारांची स्वतःची नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती सरकारी करून टाकली होती. सरकारने अधिसूचना काढली की साऱ्या जमातीची नोंद होई. पुढे हजेरी, परवाने. त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, असे कलमच होते. माणूस काय करतो हे पाहण्याची गरजच उरली नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे.

१९११ मध्ये नवा कायदा करून ही व्यवस्था देशभर लागू करण्यात आली. १९१०-११ च्याच हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते. त्यात 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कर्माची साखळी मान्य करूनही ज्ञान मिळवण्याचा प्रयत्न करायला आत्मा मोकळा आहे, असे सरकारचा एक कैदी तिथे मांडत होता. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण हे साल मला सोडत नाही.

गंमत अशी की, कायद्याचाही आपल्या सिद्धांतावर पुरता विश्वास नव्हता. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. गुन्हा रक्तात असेल, तर शाळा कशाला? आणि शाळेने मूल बदलत असेल, तर बापाची हजेरी कशाला? हा प्रश्न विचारायला न्यायालयाला बंदी होती, आणि आईबापांना कोण विचारतो!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. जमाती 'विमुक्त' झाल्या. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे नाव आजही आहे, आणि मराठी शब्दकोशात त्याच शब्दाचा अर्थ ठक, लुच्चा. त्या जातीच्या मुलाला दाखल्यावर तोच शब्द वाचावा लागतो.

मी तो शब्द वापरणे सोडले आहे. परवा नातवाने क्रिकेट खेळताना मित्राला तोच शब्द हाणला. कोणाकडून शिकला, हे मला विचारावे लागले नाही.